खारेपाटातील मत्स्यशेती : मोजमाप आधी, तळे नंतर



रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर जमीन कोठे संपते आणि समुद्र कोठे सुरू होतो, या प्रश्नाचे उत्तर दिवसातून चार वेळा बदलते. धरमतर, रेवदंडा, राजपुरी आणि बाणकोट या खाड्यांच्या वाटेने भरतीचे पाणी कित्येक किलोमीटर आत शिरते आणि ओहोटीबरोबर परतते. या पाण्याला मातीच्या बांधांनी अडवून, बांधांना उघाड्या बसवून आणि पावसाच्या पाण्याने जमिनीतील क्षार धुऊन काढून मागील पिढ्यांनी येथे भातशेती उभी केली. पेण व अलिबाग तालुक्यांतील हाच प्रदेश खारेपाट या नावाने ओळखला जातो. चरीच्या शेतकऱ्यांचा १९३३ ते १९३९ या काळातील दीर्घ संप याच भूमीवर झाला. येथील प्रत्येक खाचर समुद्रापासून श्रमाने मिळविलेले आहे आणि ते राखण्यासाठी दर वर्षी पुन्हा श्रम करावे लागतात.

या जमिनीपुढे गेल्या काही दशकांत मत्स्यशेतीचा पर्याय उभा राहिला आहे. बांध दुबळा झाला, खारे पाणी आत आले, भात पिकेनासा झाला, की शेतकऱ्याच्या मनात कोळंबीच्या तळ्याचा विचार येतो. पुष्कळदा बाहेरचा भांडवलदार भाडेपट्ट्याने जमीन मागतो. नापीक जमिनीला उत्पन्न, हातांना काम आणि देशाला परकीय चलन असे या व्यवसायाचे तिहेरी आकर्षण आहे आणि ते खोटे नाही. मात्र एका खातेदाराच्या तळ्यातले पाणी शेजारच्या खाचरात झिरपते, गावाच्या विहिरीकडे सरकते आणि खाडीत जाऊन कोळ्याच्या जाळ्यापर्यंत पोहोचते. लाभ एकाचा आणि परिणाम अनेकांचा, अशी या उद्योगाची रचना आहे. म्हणूनच त्याच्या पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन हा कागदोपत्री उपचार न राहता शेजारधर्माचा प्रश्न ठरतो.

जिताड्याचे तळे

मत्स्यशेती खारेपाटाला नवी नाही. घरामागच्या किंवा शेतातल्या तळ्यात जिताडा वाढविण्याची पद्धत येथे जुनी आहे. पावसाळ्याच्या आरंभी खाडीत आणि उघाडीच्या तोंडाशी सापडणारी जिताड्याची पिले आणून तळ्यात सोडावयाची, तळ्यातील लहान मासळीवर ती वाढू द्यावयाची आणि सणावाराला, लग्नकार्याला किंवा मानाच्या पाहुण्यासाठी मासा काढावयाचा, असा हा क्रम. या तळ्याला बाहेरचे खाद्य फारसे लागत नाही, औषधे लागत नाहीत आणि खाडीत सोडण्याजोगे घाण पाणीही त्यातून निघत नाही.

जिताड्याचा जीवनक्रम मात्र ध्यानात घेण्यासारखा आहे. हा मासा खाडीच्या मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात अंडी घालतो. पिले भरतीबरोबर आत येतात, निमखाऱ्या व गोड्या पाण्यात वाढतात आणि पुढे पुन्हा खाऱ्या पाण्याकडे जातात. बहुतेक जिताडे आरंभी नर असतात व वय वाढल्यावर मादी होतात. म्हणजे मोठा मासा टिकला नाही तर पिलेही मिळणार नाहीत. खाडीचे मुख, तिवरांची झाडी, उघाडी आणि तळे या चारही ठिकाणी प्रकृती ठीक असेल, तरच जिताडा ठीक राहतो. चेन्नई येथील केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये या माशाचे बंदिस्त स्थितीत प्रजनन साधले. त्यामुळे आता उबवणी केंद्रातील पिलेही उपलब्ध होऊ शकतात आणि खाडीतील पिलांवरचा भार हलका करणे शक्य झाले आहे. तथापि, तळ्यातील माशाची गोष्ट संपूर्ण खाडीशी जोडलेली असते, हा जिताड्याने दिलेला धडा मूल्यमापनाचे पहिले सूत्र म्हणून स्वीकारावयास हवा.

कोळंबीच्या तळ्यात काय बदलते?

व्यापारी कोळंबीपालनाची रीत याहून निराळी आहे. आरंभी भारतात प्रामुख्याने टायगर कोळंबी वाढविली जात असे. १९९४-९५ च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणुजन्य रोगाने देशाच्या किनाऱ्यावरील तळ्यांची मोठी हानी केली. पुढे २००९ मध्ये मूळच्या अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील वन्नामेई जातीच्या कोळंबीस परवानगी मिळाली. या जातीसाठी चौरस मीटरला ६० पिलांपर्यंतची मर्यादा घालण्यात आली. एवढ्या दाटीने प्राणी वाढवावयाचे म्हणजे विकतचे प्रथिनयुक्त खाद्य, हवा घालणारी चक्रे, पाण्याचा पंप, चुना आणि निर्जंतुके यांचा वापर क्रमप्राप्त ठरतो.

येथे तळे हे शेत न राहता एक लहान कारखाना बनते. त्यात खाद्य आत जाते, मासळी बाहेर येते आणि उरलेले पाण्यात व गाळात राहते. याशिवाय काही परिणाम सहज डोळ्यांत भरत नाहीत. पंपाच्या जाळीवर खाडीतील अंडी व पिले मरतात. खाद्य बनविताना समुद्रातील लहान मासळी वापरली जाते. रोगट तळ्याचे पाणी निर्जंतुक न करता सोडले, तर रोग शेजारच्या तळ्यात व खाडीतील चिंबोऱ्यांपर्यंत जाऊ शकतो. बांध फुटला, तर परदेशी जात मोकळी होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. तेव्हा बांध फुटण्याची शक्यता कल्पनेतली म्हणून बाजूस सारता येणार नाही.

इतरत्रचा अनुभव

ज्यांनी मोजमाप न करता घाई केली, त्यांचे अनुभव बोलके आहेत. तैवानमध्ये कोळंबीपालनाची झपाट्याने भरभराट झाली आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस रोगाने ते कोसळले. तेथे किनारी भागात मत्स्यशेतीसाठी भूजलाचा बेसुमार उपसा झाल्याने जमीन खचण्याचाही प्रश्न निर्माण झाला. इक्वेडोरमध्ये कोळंबीच्या तळ्यांसाठी तिवरांची मोठी जंगले नष्ट झाली. थायलंडमध्ये भातशेतीच्या प्रदेशात खारे पाणी नेऊन कोळंबी वाढविण्याची प्रथा पसरली. परिणामी भाताची जमीन खारावू लागली आणि १९९८ मध्ये तेथील शासनाला गोड्या पाण्याच्या अंतर्गत भागात कोळंबीपालनास बंदी घालावी लागली.

याच्या उलट, निसर्गक्रमाशी जुळवून घेणाऱ्या पद्धतीही आहेत. केरळातील पोक्काळी शेतांत पावसाळ्यात भात आणि उन्हाळ्यात कोळंबी असा फेरा चालतो. भाताचा पेंढा व धसकटे कुजून कोळंबीचे खाद्य होते आणि कोळंबीचे अवशेष पुढच्या भाताला खत होतात. शेजारच्या गोव्यातील खाजण जमिनींतही बांध, मानस नावाचे दरवाजे, भात आणि मासळी यांची अशीच सांगड घातलेली आहे. खारेपाटातील उघाडी आणि जिताड्याचे तळे ही याच कुळातली. तेव्हा मत्स्यशेती हवी की नको, एवढाच प्रश्न करून चालणार नाही. कोणत्या जागी, किती दाटीची आणि खाडीला किती सोसेल एवढी, हा खरा प्रश्न होय.

कायद्याची चौकट

१९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने किनारी नियमन क्षेत्र निश्चित झाले. तामिळनाडूतील सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ रोजी दिलेला निर्णय या विषयातील मैलाचा दगड ठरला. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने केलेली पाहणी न्यायालयापुढे होती. पाहिलेल्या भागांत कोळंबी उद्योगाने झालेली हानी त्याच्या उत्पन्नाहून अधिक आहे, असा तिचा निष्कर्ष होता. पारंपरिक व सुधारित पारंपरिक पद्धती वगळून नियमन क्षेत्रातील कोळंबी उद्योगास न्यायालयाने मनाई केली आणि प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व लागू केले. पुढे संसदेने २००५ मध्ये किनारी जलजीवपालन प्राधिकरणाचा कायदा केला. २०२३ च्या दुरुस्तीने त्याची व्याप्ती पिंजऱ्यातील मत्स्यपालन, समुद्री शेवाळाची शेती अशा अन्य प्रकारांपर्यंत वाढली आणि तुरुंगवासाच्या शिक्षेची जागा दंडाने घेतली.

२००५ च्या कायद्याखालील मार्गदर्शक तत्त्वांत काही ठळक अंतरे व मर्यादा घालून देण्यात आल्या. ५०० हून कमी वस्तीच्या गावापासून किमान १०० मीटर आणि त्याहून मोठ्या गावापासून ३०० मीटर अंतर असावे. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून १०० मीटर आणि शेतजमिनीपासून मातीच्या प्रकारानुसार ५० ते १०० मीटर अंतर राखावे. ४० हेक्टरांहून मोठ्या प्रकल्पाने आरंभीच संपूर्ण पर्यावरणीय परिणाम मूल्यमापन करावे आणि १० ते ४० हेक्टरांच्या प्रकल्पाने पर्यावरणविषयक सविस्तर माहिती द्यावी. नियमन क्षेत्रातील ५ हेक्टर व त्याहून मोठ्या प्रकल्पास सांडपाणी निवळण्याची व्यवस्था करावी लागते. तिवरांच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय स्पष्ट आहे. त्यांची तोड निषिद्ध असून त्यांच्याभोवतीचा ५० मीटरांचा पट्टाही मोकळा ठेवावयाचा आहे.

या चौकटीत एक उणीव राहून जाते. मर्यादा प्रत्येक प्रकल्पाला लागू होतात. पण एकाच खाडीच्या काठी दोन-दोन हेक्टरांची वीस तळी झाली, तर त्यांपैकी एकालाही संपूर्ण मूल्यमापन करावे लागत नाही. खाडीला मात्र ४० हेक्टरांचा भार सोसावा लागतो.

तेरा गोणींचा हिशेब

हा भार किती, याचा अंदाज साध्या अंकगणिताने बांधता येतो. एक हेक्टर तळ्यातून एका हंगामात ५ टन कोळंबी निघाली आणि किलोमागे दीड किलो खाद्य लागले, असे धरावे. खाद्य झाले साडेसात टन. त्यात ३५ टक्के प्रथिने असली, तर प्रथिनांतील नत्राच्या १६ टक्के प्रमाणाने ४२० किलो नत्र तळ्यात गेले. कोळंबीच्या अंगात वजनाच्या सुमारे ३ टक्के नत्र असते, म्हणजे १५० किलो नत्र मालाबरोबर बाहेर गेले. उरले २७० किलो. युरियाच्या भाषेत सांगावयाचे, तर ४५ किलोच्या सुमारे तेरा गोणी. त्यातील काही भाग हवेत जातो, काही गाळात बसतो आणि काही पाण्याबरोबर खाडीत जातो.

आता सांडपाण्याच्या मानकाकडे पाहावे. खाडीत सोडावयाच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅमपेक्षा अधिक एकूण नत्र नसावे, असे प्रमाण ठरविण्यात आले. एक हेक्टर तळ्यात १.२ मीटर खोलीचे पाणी म्हणजे १२ हजार घनमीटर. मानक काटेकोर पाळून ते एकदा रिकामे केले, तर त्यातून २४ किलो नत्र जाईल. याचा अर्थ असा की, तेरा गोणींपैकी फार मोठा वाटा गाळात अडकून राहिला, तरच मानक पाळले गेले. तो गाळ हंगामानंतर ओहोटीच्या पाण्याने खाडीत धुऊन काढला, तर पाण्याचा नमुना कितीही चांगला आला, तरी त्याला अर्थ राहत नाही. म्हणून तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याने बाटलीतल्या पाण्याबरोबरच गाळ कोठे टाकला जातो, हेही विचारावे. दुसरे असे की, वीस तळ्यांनी एकाच आठवड्यात मानकानुसार पाणी सोडले, तरी ४८० किलो नत्र खाडीत जाते. प्रमाण पाळणे आणि भार पेलणे या दोन गोष्टी भिन्न आहेत.

मूल्यमापनाच्या पायऱ्या

पहिली पायरी जागेची. सातबाराच्या उताऱ्यावर जमीन भाताची असते, पण बांध फुटून वर्षे लोटल्यावर तेथे प्रत्यक्षात तिवरांची वाढ झालेली असते. अशी उदाहरणे अलिबाग व पेण तालुक्यांच्या खारेपाटात आहेत. उताऱ्यावर विसंबून अशा ठिकाणी तळे खोदणे कायद्याने व विवेकाने वर्ज्य ठरते. म्हणून नकाशावर भरतीरेषा, तिवरांची झाडी, पावसाळी पाण्याचे नाले, उघाड्या, विहिरी, कोळ्यांच्या जाळ्यांच्या जागा आणि खुबे, कालवे वेचणाऱ्या स्त्रियांच्या पाऊलवाटा या सर्वांची नोंद घ्यावी. तळ्याच्या कुंपणाने एखादी पाऊलवाट बंद झाली, तर तो पर्यावरणाचाच नव्हे, पोटाचाही प्रश्न होतो.

दुसरी पायरी पूर्वस्थितीची. तळे होण्यापूर्वी खाडी कशी होती, हे ठाऊक नसेल, तर पुढे काय बिघडले, हे कोणालाही सिद्ध करता येत नाही. ही पाहणी एका दिवसाची असून चालणार नाही. जुलैत खाडीच्या वरच्या भागात पाणी जवळजवळ गोडे असते आणि मे महिन्यात तेच समुद्राइतके खारे होते. उधाणाच्या दिवशी खाडी धुतली जाते आणि भांगेच्या दिवसांत पाण्याची हालचाल मंदावते. म्हणून पावसाळा, हिवाळा व उन्हाळा या तिन्ही ऋतूंत, उधाण व भांग या दोन्ही वेळी पाण्याचा खारेपणा, विरघळलेला प्राणवायू, गढूळपणा आणि अमोनिया मोजावा. शेजारच्या खाचरातील मातीची विद्युतवाहकता तपासावी. मीटरला ४ डेसिसीमेन्सपेक्षा अधिक वाहकता असलेली माती खारवट मानतात आणि सर्वसाधारण भाताचे उत्पन्न त्याआधीच, ३ च्या पुढे, घटू लागते. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने विकसित केलेल्या पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ या जाती क्षार अधिक सोसतात, तथापि त्यांच्याही सहनशीलतेला सीमा आहे. विहिरींचा खारेपणा, चिखलातील निवट्या, खुबे व चिंबोऱ्या यांची गणती आणि बोईट, काळुंदर, जिताडा यांची आवक या नोंदीही तितक्याच मोलाच्या आहेत.

तिसरी पायरी वाहून नेण्याच्या शक्तीची. खाडीच्या मुखाजवळ सोडलेले पाणी समुद्रात मिसळते. वरच्या अरुंद फाट्यात सोडलेले पाणी मात्र ओहोटीने खाली जाते आणि पुढच्या भरतीने बरेचसे परत येते. प्रत्येक खाडीचा स्वभावही वेगळा आहे. कुंडलिकेला भिरा येथील आणि पाताळगंगेला खोपोली येथील जलविद्युत केंद्रातून सुटणाऱ्या पाण्याचा पुरवठा पावसाळ्यानंतरही होतो, तो सर्वच नद्यांना मिळत नाही. शिवाय कुंडलिकेच्या काठी धाटावचे, तर सावित्रीच्या खोऱ्यात महाडचे औद्योगिक क्षेत्र आहे. तेव्हा मासळी घटली, तर दोष कारखान्याचा, तळ्याचा, मासेमारीचा की बंदराच्या गाळउपशाचा, हे ठरविण्यासाठी तळ्याच्या वरच्या अंगाला, तळ्याशी आणि खालच्या अंगाला अशा तीन ठिकाणच्या नोंदी लागतात. एका ठिकाणची नोंद भांडण लावते, तीन ठिकाणच्या नोंदींनी ते मिटण्याचा मार्ग दिसतो.

चौथी पायरी पर्यायांची व उपायांची. दाटी कमी करता येईल काय? निवळणीच्या तळ्यात बोईट, शिंपले किंवा समुद्री शेवाळ वाढवून पाण्यातील पोषकद्रव्ये वापरता येतील काय? खाचर व तळे यांच्यामध्ये झिरपा अडविणारा चर काढता येईल काय? तळी एकाच दिवशी रिकामी न करता पाळीपाळीने, उधाणाच्या ओहोटीला रिकामी करता येतील काय? क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांसारख्या बंदी असलेल्या प्रतिजैविकांचा वापर होत नाही, याची खातरजमा कशी व्हावी? तिवरांना धक्का न लावता करावयाचे खेकडापालन, कालव्यांची शेती किंवा पिंजऱ्यातील जिताडापालन अधिक योग्य ठरेल काय? राज्य शासनाच्या कांदळवन कक्षामार्फत २०१७ पासून अशा उपजीविकेच्या योजना किनारी जिल्ह्यांत राबविण्यात आल्या आहेत. पण पिंजऱ्याखालच्या तळावरही उष्टे खाद्य साठते. त्यामुळे मूल्यमापनाची गरज तेथेही टळत नाही.

पाचवी पायरी नंतरच्या देखरेखीची आणि सहावी निरोपाची. भाडेपट्टा संपल्यावर किंवा रोगाने व्यवसाय बुडाल्यावर तळे सोडून मालक निघून जातो. मागे राहते ती खारावलेली, खोल गेलेली जमीन. ती पूर्ववत कोणी करावयाची, बांध कोणी बुजवावयाचा आणि त्यासाठीची रक्कम कोठे ठेवावयाची, हे करार करतानाच लिहून घेतले पाहिजे. आरंभीच्या समारंभाला सर्व असतात, शेवटाला फक्त गाव असते.

गावाने काय करावे?

ही सारी कामे तज्ज्ञांची आहेत, असे समजून हात झटकता येणार नाहीत. प्रयोगशाळेचे काम तज्ज्ञांनीच करावे, पण वर्षभराची नोंद गावच ठेवू शकते. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. खाडीकाठच्या ग्रामपंचायतीने तिच्यात खाडीसाठी स्वतंत्र पाने ठेवावीत. कोणत्या महिन्यात कोणती मासळी कोठे मिळते, निवट्या कोठे दिसेनाशा झाल्या, कोणत्या विहिरीचे पाणी मचूळ झाले, कोणत्या उघाडीची झडप निकामी आहे, या गोष्टी वयोवृद्ध कोळी-आगरी स्त्रीपुरुषांना जितक्या ठाऊक असतात, तितक्या कोणत्याही अहवालात सापडत नाहीत. त्या तारखेनिशी लिहून ठेवल्या, की त्यांना पुराव्याचे बळ येते.

शिक्षकांना यात फार चांगले काम करता येईल. दोरीला बांधलेली पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते, यावरून गढूळपणा मोजता येतो. तापमापक आणि पाण्याची घनता दाखविणारे साधे उपकरण यांच्या साहाय्याने सातवी-आठवीची मुलेही महिन्यातून दोनदा, एकदा उधाणाला व एकदा भांगेला, नोंदी घेऊ शकतात. अर्थात ही मोजणी मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली, भरतीच्या वेळा पाहून आणि धक्क्यावरूनच व्हावी. तीन वर्षांत त्या शाळेजवळ आपल्या खाडीची अशी माहिती जमेल, जी अन्य कोणाजवळ असणार नाही.

पंचायत सदस्यांनी ना हरकत दाखला देण्यापूर्वी प्रस्ताव ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि किमान पाच प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत. पाणी कोठून घेणार? कोठे सोडणार? गाळ कोठे टाकणार? रोग आल्यास काय करणार? आणि जाताना जमीन कशी सोडणार? प्रश्न साधे आहेत. ज्याने खरोखर विचार केला आहे, त्याला उत्तरे देणे जड जाणार नाही. अधिकाऱ्यांनीही प्रत्येक अर्ज सुटा न पाहता, त्याच खाडीवरील आधीच्या सर्व परवानग्या एका नकाशावर मांडून निर्णय घ्यावा. मत्स्यव्यवसाय, महसूल, खारभूमी विकास, कांदळवन आणि प्रदूषण नियंत्रण या यंत्रणांचे कागद निरनिराळ्या कपाटांत असले, तरी पाणी एकच असते.

समारोप

मूल्यमापनामुळे विकास अडतो, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. खारेपाटाचा इतिहास पाहिला, तर ती टिकत नाही. ज्यांनी बांध घातले, त्यांनी भरतीची उंची आधी पाहिली, माती पारखली, उघाडीची जागा ठरविली आणि मगच पहिली टोपली टाकली. तेही मूल्यमापनच होते. फरक एवढाच की चूक झाली, तर ती ज्याची त्याला भोगावी लागे. आज तळे एकाचे, भांडवल दुसऱ्याचे आणि चुकीची किंमत तिसऱ्याच्या खाचरात, विहिरीत किंवा जाळ्यात वसूल होते. ही तिसरी व्यक्ती निर्णयाच्या वेळी समोर नसते. तिचे म्हणणे आकड्यांच्या व नोंदींच्या रूपाने कागदावर आणणे, हेच परिणामांच्या मूल्यमापनाचे खरे प्रयोजन आहे.

कोळंबी निर्यात व्हावी, शेतकऱ्याला चार पैसे मिळावेत, तरुणाला गावातच काम लाभावे, या अपेक्षा योग्यच आहेत. त्याचबरोबर पावसाच्या पहिल्या सरींनंतर उघाडीच्या तोंडाशी जिताड्याची पिले येत राहावीत, हीदेखील तितकीच व्यवहारी अपेक्षा आहे. ज्या वर्षी ती येईनाशी होतील, त्या वर्षी खाडीने आपला अहवाल सादर केला, असे समजावे लागेल. तो हाती येण्यापूर्वीच गावाचा, शाळेचा आणि शासनाचा अहवाल तयार असावा, एवढीच या विषयाची मागणी आहे.